सोलापुरात हिवाळ्यातला सूर्यास्त पाण्याकाठी कसा टिपायचा: नवीन लोकांसाठी सगळं एका जागी

दिवाळी झाली की आपल्याकडची हवा बदलते, आणि दरवर्षी कुणीतरी नवीन कॅमेरा नाहीतर नवीन फोन घेऊन विचारतंच की संध्याकाळचे फोटो काढायला कुठं जाऊ, सेटिंग काय ठेवू, ट्रायपॉड लागतोच का. उत्तरं तुकड्या-तुकड्यात दिली जातात आणि नवीन माणूस अजून गोंधळतो, म्हणून इथं सगळं सलग लिहितोय.

एक गोष्ट आधीच सांगतो कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. सोलापुरात हिवाळ्यात सूर्य पाण्याला टेकताना फार क्वचित दिसतो, तो त्याच्या आधीच धुरकटात विरून जातो. आणि आभाळात ढग असतील तर सगळ्यात भारी रंग येतो तो सूर्य गेल्यावर, दहा ते वीस मिनिटांत. म्हणजे जागा आदल्या दिवशी ठरवायची, वेळेच्या बऱ्याच आधी पोचायचं आणि सूर्य गेला म्हणून बॅग भरायची नाही. एवढं जरी केलं तरी निम्मं काम झालं, कॅमेरा कुठला आहे हे त्याच्यानंतर.

१. सोबत काय घ्यायचं

कॅमेरा किंवा फोन, पूर्ण चार्ज. फोन असेल तर पॉवरबँक.
ट्रायपॉड. फोनसाठी छोटा चालतो, पण काठावर गवत असतं त्यामुळं अगदी वीतभर उंचीचा नको.
लेन्स पुसायचं मऊ कापड. सूर्याकडं तोंड करून फोटो काढताना लेन्सवरचा बोटाचा एक पुसट ठसा सुद्धा अख्ख्या फ्रेमवर पांढरट पडदा टाकतो.
टॉर्च. फोनची नको, फोन तेव्हा कामात असतो. हेडटॉर्च मिळाली तर उत्तम.
बूट, डास पळवायचं क्रीम, एक स्वेटर. दुपारी कडक ऊन असतं म्हणून लोक शर्टावर येतात आणि सहा वाजता पाण्यावरचा गारठा लागला की पळतात, नेमकं तेव्हाच रंग यायला लागतो.
ओळखपत्र. किल्ल्याजवळ किंवा धरणाच्या परिसरात कुणी विचारलं तर दाखवता येतं.

लेन्सपुढं लावायच्या काचेच्या फिल्टरचं म्हणाल तर सुरुवातीला काहीच घेऊ नका.

२. वेळ कशी काढायची

सोलापूरचा सूर्यास्त नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सगळ्यात लवकर असतो, पावणेसहाच्या दोन-चार मिनिटं पुढं. २१ डिसेंबर हा सगळ्यात लहान दिवस खरा, पण तोवर सूर्यास्त परत पुढं सरकायला लागलेला असतो, ५.५७ च्या आसपास. संक्रांतीला साधारण ६.१०, जानेवारीच्या शेवटी ६.२०, आणि फेब्रुवारीच्या मध्यात साडेसहाला थोडं कमी. नक्की मिनिट हवामानाच्या ॲपमध्ये मिळतं, पण शहर सोलापूर टाकलंय ना ते बघा, बरेच फोन पुणे धरून बसतात आणि तिथली वेळ आपल्यापेक्षा पुढची असते.

आता ही झाली सपाट क्षितिजावरची वेळ. प्रत्यक्षात बऱ्याच संध्याकाळी सूर्य ॲपच्या वेळेच्या १५-२० मिनिटं आधीच लाल थाळी होऊन धुरकटात गडप होतो. कारण सरळ आहे, हिवाळ्यात संध्याकाळी जमीन भराभर गार होते, जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार अशी उलटी थर-रचना होते, आणि मग धूळ, धूर वर जायची वाटच बंद होते. त्यात हा कारखान्यांच्या गळीत हंगामाचा काळ, ऊस तुटला की शेतात पाचट पेटवतात, तोही धूर खालीच पसरून राहतो. पाचट जाळू नये असं मला मनापासून वाटतं, जमिनीचं नुकसान होतं ते वेगळंच, पण फोटोच्या हिशोबात हा थर धरूनच चालावं लागतं.

म्हणून पोचायची वेळ: ॲपच्या सूर्यास्ताच्या किमान एक तास आधी. थांबायची वेळ: सूर्यास्तानंतर अर्धा तास.

ॲप नसेल तर हात लांब करून मूठ धरा. एक मूठ म्हणजे साधारण १० अंश. क्षितिज आणि सूर्य यांच्यात एक मूठ मावत असेल तर आपल्या इथं हिवाळ्यात अंदाजे पाऊण तास आहे.

३. कुठल्या काठावर उभं राहायचं

इथं सगळ्यात जास्त लोक चुकतात, आणि नंतर फोटोशॉपनंही ते सुधारत नाही.

सूर्य पश्चिमेला मावळतो हे शाळेतलं ठीक, पण डिसेंबरमध्ये सोलापुरातून तो नेमक्या पश्चिमेपेक्षा साधारण २५ अंश दक्षिणेकडं मावळतो. उन्हाळ्यात एखाद्या तलावावर जी जागा अगदी बरोबर वाटली होती ती हिवाळ्यात बाजूला पडते, सूर्य पाण्यावर न उतरता काठावरच्या झाडात नाहीतर बंगल्यामागं उतरतो. पाण्यात सोन्याचा पट्टा हवा असेल तर तुमच्यात आणि सूर्यात पाणी पाहिजे, म्हणजे हिवाळ्यात तलावाच्या पूर्वेच्या किंवा ईशान्येच्या काठावर उभं राहायचं आणि नैऋत्येकडं तोंड करायचं. घरूनच गूगल मॅपवर सॅटेलाइट व्ह्यू उघडा, तलावाच्या ईशान्य बाजूला बोट ठेवा, तिथं जायला वाट आहे का, झाडी किती, कुणाचं शेत मध्ये येतंय का ते बघा. पाच मिनिटांचं काम आहे. फोनमधलं होकायंत्र काठावर गेल्यावर वापरा, २४५ च्या आसपास आकडा दाखवेल ती डिसेंबरच्या सूर्यास्ताची दिशा.

४. जागा

सिद्धेश्वर तलाव. नवीन माणसानं इथूनच सुरुवात करावी असं माझं मत. मंदिर तलावात आहे, तलाव भुईकोट किल्ल्याच्या पूर्वेला आहे, त्यामुळं पूर्वेच्या बाजूनं बघितलं की पाणी, मंदिर, मागं किल्ल्याची तटबंदी आणि त्याच्या वर आभाळ असं सगळं एका रेषेत जमवता येतं. सूर्य तटबंदीमागं लवकर जातो हे खरं, पण इथला फोटो मुळात सूर्याचा नाहीच, तो मंदिराच्या आकाराचा आणि नंतर लागणाऱ्या दिव्यांचा आहे. संक्रांतीच्या सुमाराला गड्ड्याची यात्रा असते, नंदीध्वज, बाराबंदी घातलेली माणसं, होम मैदानावरचे पाळणे, सगळं एकदम. त्या दिवसांत गाडी लांब लावून चालत या आणि ट्रायपॉड घरी ठेवा, गर्दीत कुणाच्या तरी पायात येतो. देवळाच्या आत फोटो काढायच्या आधी तिथल्या लोकांना विचारायचं.

कंबर तलाव, म्हणजे धर्मवीर संभाजी तलाव, विजापूर रोडचा. शहरात राहणाऱ्याला ऑफिस सुटल्यावर गाठता येतो. हिवाळ्यात पक्षी उतरतात, त्यांच्या आकृत्या सोनेरी पाण्यावर छान येतात. पण जलपर्णी वाढलेली असेल त्या वर्षी आरसा मिळत नाही, तेव्हा आधी एक चक्कर मारून पाणी किती मोकळं आहे ते बघा आणि मगच सामान घेऊन जा.

हिप्परगा तलाव. तुळजापूर रोडनं शहर सोडलं की थोड्याच वेळात. आदिला नदीवरचा हा एकरुख तलाव इंग्रजांच्या काळात बांधलेला, १८७१ सालचा. शहराजवळ मोठं, उघडं पाणी हवं असेल तर हेच. रुंद आभाळ मिळतं, मध्ये इमारती नाहीत. तोटा एवढाच की समोर काहीच नसतं आणि नुसतं पाणी नुसतं आभाळ असा फोटो दोन दिवसांत कंटाळवाणा वाटायला लागतो, म्हणून काठावरचं वाळलेलं झाड, दगड, बांधलेली होडी, जाळं आवरणारा माणूस असं काहीतरी फ्रेममध्ये घ्या. माणूस असेल तर आधी दोन शब्द बोला, मग कॅमेरा काढा.

हत्तरसंग कुडल. सोलापूरपासून साधारण ४० किलोमीटर, भीमा आणि सीना यांचा संगम. शके ९४० म्हणजे इ.स. १०१८ चा मराठी शिलालेख इथल्याच संगमेश्वर मंदिरातला. दुपारी तीन-साडेतीनला पोचा, आधी मंदिर आणि शिलालेख नीट बघा, कारण उजेड गेल्यावर कोरीव काम दिसत नाही, आणि मग संगमावर उतरा. मला स्वतःला जिल्ह्यात संध्याकाळ घालवायला ही जागा सगळ्यात जास्त आवडते. शांत असते आणि दोन नद्यांच्या वळणांमुळं फ्रेमला आपोआप रेषा मिळतात.

पंढरपूर. गाव आणि घाट चंद्रभागेच्या पश्चिम काठावर, त्यामुळं वाळवंटात किंवा पलीकडच्या काठावर गेलं की सूर्य गावामागं उतरतो आणि पुंडलिकाचं मंदिर, घाट, शिखरं सगळ्यांच्या काळ्या आकृत्या मिळतात. कार्तिकी एकादशीच्या आसपास गेलात तर तो सोहळा बघायला जा, निवांत फोटो मिळणार नाहीत.

उजनी. टेंभुर्णीजवळचं धरण आणि त्याच्या मागं करमाळा, इंदापूर, भिगवणपर्यंत पसरलेलं पाणी. रोहित पक्षी (फ्लेमिंगो) बघायचे असतात सगळ्यांना, पण एक समजून घ्या, रोहित उथळ पाण्यात आणि चिखलात चरतात. पाऊस चांगला झालेल्या वर्षी डिसेंबरात धरण तुडुंब असतं आणि उथळ जागाच नसते, मग ते उशिरा येतात, पाणी उतरायला लागल्यावर. जाण्याआधी तिकडच्या ओळखीच्या माणसाला फोन करून पाणी किती आहे विचारा. आणि पक्ष्यांच्या थव्यात होडी घालायला नावाड्याला सांगू नका, उडतानाचा एक फोटो मिळतो पण लांबून आलेल्या पक्ष्याचं चरणं मोडतं.

५. आभाळ बघायचं

दुपारी चारला वर बघा. आभाळ एकदम निळंशार, एकही ढग नाही, तर रंग साधाच असेल, तेव्हा लाल थाळी आणि आकृत्या एवढंच ठरवून जा. पिंजलेल्या कापसासारखे उंचावरचे पातळ ढग असतील आणि पश्चिमेकडं क्षितिजाजवळ फट मोकळी असेल तर सगळी कामं सोडून जा, सूर्य खाली गेल्यावर त्याचा उजेड त्या ढगांना खालून लागतो. नोव्हेंबर-डिसेंबरात बंगालच्या उपसागरात वादळाची बातमी असली की पुढच्या एक-दोन दिवसांत आपल्याकडं असे ढग बऱ्याचदा येतात. खाली दाट करड्या ढगाची चादर असेल तर घरी बसा.

वाऱ्याचंही बघा. हिवाळ्यात सूर्य कलला की बहुतेक वेळा वारा पडतो आणि पाणी स्थिर होतं, दुपारी लाटा दिसल्या म्हणून परत फिरू नका.

६. पोचल्यावर पहिली पंधरा मिनिटं

कॅमेरा बाहेर काढू नका. काठावर चाला, उभं राहून आणि बसून दोन्ही बघा. जितकं खाली बसाल तितकं पाण्यातलं प्रतिबिंब जास्त ठळक होतं, कारण पाण्यावर तिरप्या नजरेनं बघितलं की ते जास्त उजेड परत फेकतं. ट्रायपॉडचे पाय चिखलात असतील तर आधी दाबून बसवा, नाहीतर फोटो चालू असताना हळूहळू खचतो आणि फ्रेम वाकडी होते.

आकृत्यांचा फोटो असेल तर दोन माणसं एकमेकांवर येऊ देऊ नका, मध्ये आभाळाची फट पाहिजे, नाहीतर एकच काळा गोळा दिसतो.

७. कॅमेऱ्याची सेटिंग

रॉ मध्ये काढा, म्हणजे नंतर एडिट करायला जास्त वाव देणारी कच्ची फाइल. आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १००, अपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ ८ ते ११, शटर (उजेड किती वेळ आत घ्यायचा) कॅमेऱ्याला ठरवू द्या आणि एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करायची सेटिंग) उणे एक पासून सुरू करा. मीटरिंग (उजेड मोजणं) सूर्यावर नाही, सूर्याच्या बाजूच्या आभाळावर घ्या. हिस्टोग्राम (स्क्रीनवरचा उजेडाचा आलेख) उजव्या भिंतीला चिकटला तर अजून कमी करा, सूर्याची थाळी पांढरी पडली तरी चालेल पण तिच्या भोवतीचा केशरी भाग पांढरा पडला तर तो कुठल्याच सॉफ्टवेअरनं परत येत नाही.

व्हाइट बॅलन्स (रंगाची छटा ठरवणारी सेटिंग) ऑटोवर ठेवू नका. ऑटोचं कामच पिवळेपणा काढून टाकणं आहे, आणि तुम्ही इतक्या लांब नेमका तोच घ्यायला आलाय. क्लाउडी किंवा शेड ठेवा.

सूर्य किती मोठा दिसेल ते लेन्सवर आहे. फुल फ्रेमवर (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) २०० एमएम लावली तर सूर्य फ्रेमच्या उंचीच्या साधारण तेराव्या भागाएवढा येतो, ४०० ला त्याच्या दुप्पट. कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या किटच्या १८-५५ लेन्सवर तो टिकलीएवढाच येणार, त्यामुळं त्या लेन्सनं मोठी लाल थाळी काढायच्या मागं लागू नका, तिच्यानं पाणी-आभाळ-काठ असा रुंद फोटो काढा.

लांब लेन्स लावून वर असलेला तेज सूर्य व्ह्यूफाइंडरमधून डोळ्यानं बघायचा नाही. डीएसएलआर असेल तर हे फार महत्त्वाचं, डोळ्याला कायमची इजा होऊ शकते. लाइव्ह व्ह्यू (मागचा स्क्रीन) वापरा, आणि तोही सूर्य धुरकटात शिरून मऊ झाल्यावरच, सेन्सरलाही सांभाळायला लागतं.

सूर्य खाली यायला लागला की वेग कळत नाही. थाळी टेकल्यापासून पूर्ण जाईपर्यंत जेमतेम अडीच मिनिटं, तेवढ्यात लेन्स बदलायला गेलात तर गेला.

८. फोनवाल्यांसाठी

आभाळाच्या उजळ भागावर बोट दाबून धरा, लॉक झालं असं दिसेल, मग बोट खाली ओढून उजेड कमी करा. बस, एवढ्यानं निम्मे फोटो सुधारतात. डिजिटल झूम करू नका, टेलिफोटो लेन्स वेगळी असेल तर तीच वापरा. फिल्टर, ब्यूटी, एआय सीन वगैरे बंद. फोनचा एचडीआर (उजळ आणि गडद भाग एकत्र जुळवणारा मोड) कधीकधी पाण्यातलं प्रतिबिंब आभाळापेक्षा उजळ करून टाकतो, आणि ते लगेच खोटं दिसतं कारण खऱ्या पाण्यात प्रतिबिंब आभाळापेक्षा नेहमी थोडं गडदच असतं. प्रो मोड असेल तर व्हाइट बॅलन्स ६००० ते ६५०० ठेवून बघा.

९. सूर्य गेल्यावर

इथं बाकी लोक गाड्या सुरू करतात. तुम्ही थांबा.

आता ट्रायपॉड लागतो. शटर हळूहळू अर्धा सेकंद, एक सेकंद, चार सेकंद असं वाढत जाईल, टायमर दोन सेकंदांवर ठेवा म्हणजे बोटाचा धक्का बसत नाही. ढग असतील तर ते आधी पिवळे, मग केशरी, मग गुलाबी होतात. सिद्धेश्वरला याच वेळेत दिवे लागतात आणि आभाळात अजून निळा उजेड असतो, दिवे आणि आभाळ दोन्ही सारखे उजळ दिसतात असा वेळ फार थोडा मिळतो, तो सोडू नका.

आणि एकदा मागं वळून बघा. पूर्वेला क्षितिजालगत निळसर-करडा पट्टा आणि त्याच्या वर गुलाबी पट्टा दिसतो, तो निळसर पट्टा म्हणजे पृथ्वीची स्वतःची सावली. पौर्णिमा असेल तर त्याच वेळेला चंद्र त्यातून वर येतो, हिवाळ्यात थोडा ईशान्येकडं. कितीतरी वेळा त्या दिवसाचा चांगला फोटो पाठीमागंच असतो.

१०. जीव सांभाळा

हे वाचल्याशिवाय जाऊ नका.

पाणी उतरलेल्या तलावाचा काठ वरून वाळलेला, भेगाळलेला दिसतो आणि खाली गाळ असतो. जनावरांचे किंवा माणसांचे पाय उमटलेत तिथूनच चाला, ओला चकाकणारा भाग टाळा.

हुरड्याला कुणाच्या शेतावर गेलात आणि शेततळ्यात सूर्य छान दिसला तर लांबूनच काढा. प्लास्टिकचं अस्तर घातलेल्या शेततळ्याच्या कडा इतक्या निसरड्या असतात की पोहता येणाऱ्यालाही बाहेर येता येत नाही. लहान मुलं सोबत असतील तर तिकडं नेऊच नका.

होडीत लाइफ जॅकेट घातल्याशिवाय बसायचं नाही. मे २०२४ मध्ये उजनीत कुगाव ते कळाशी जाणारी बोट वादळी वाऱ्यात उलटून सहा जणांचा जीव गेला. हिवाळ्यात तसं वारं क्वचित असतं पण पाणी तेवढंच खोल आहे. नावाडी जॅकेट नाही म्हणाला तर काठावरूनच फोटो काढा.

एकटं जाऊ नका, निदान घरी जागा सांगून जा. अंधारात दगडावर, गवतात हात घालण्याआधी टॉर्च मारा. परत येताना हायवेवर उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या असतात, मागं दिवा नसलेल्या बऱ्याच, सावकाश चालवा.

११. परवानगी

काठावर हातात कॅमेरा घेऊन फोटो काढायला सहसा कुणी अडवत नाही. भुईकोट किल्ला पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे, तिथं ट्रायपॉड लावायचा तर आधी विचारावं लागतं, आणि बंद व्हायची वेळ गेटवर बघून घ्या. धरणाच्या भिंतीवर, दरवाज्यांजवळ फोटो काढू नका. ड्रोन असेल तर डिजिटल स्काय या सरकारी वेबसाइटवर नकाशा बघितल्याशिवाय पेटीतून बाहेर काढायचा नाही, होटगी रोडचा विमानतळ शहराला लागून आहे. लग्नाआधीचं शूट वगैरे पैसे घेऊन करणार असाल तर जागा ज्याची आहे त्याच्याकडून लेखी घ्या.

१२. घरी आल्यावर

त्याच रात्री एडिट करू नका, डोळ्यात अजून तो रंग असतो आणि हात सढळ चालतो. फोटो दोन ठिकाणी कॉपी करून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी बसा. पहिलं काम क्षितिज सरळ करणं, पाणी कललेलं दिसलं की बघणाऱ्याला बाकी काहीच दिसत नाही. मग सेन्सरवरच्या धुळीचे काळे ठिपके शोधून काढा, मोकळ्या आभाळात ते हमखास दिसतात. धुरकट कमी करायचं डीहेझ फार ओढू नका, त्यानं आभाळात पट्टे पडतात. सॅच्युरेशन वाढवायच्या ऐवजी आधी एक्स्पोजर थोडं खाली घ्या, लाल-केशरी आपोआप दाट होतो. फोटोबरोबर तारीख, जागा आणि कुठल्या काठावर उभं होतात ते लिहून ठेवा, पुढच्या वर्षी त्याच आठवड्यात सूर्य परत तिथंच उतरणार आहे.